जुनी सायकल : ठेवू की विकू? पोळ्यापासून दिवाळीपर्यंतची नोंद

जुनी सायकल ठेवायची की विकायची ते दसऱ्याच्या आत ठरवतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली. ओसरीत अजून दोन्ही सायकली उभ्या आहेत: गेल्या वर्षी घेतलेली ॲल्युमिनियमची आणि मामानं पुण्याहून आणलेली जुनी स्टीलची. मधल्या काळात जे काम झालं ते लिहून ठेवतो. निर्णयही झालाय, पण तो ज्या कारणावरून होईल असं वाटत होतं त्यावरून झाला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुनी सायकल सगळी खोलली. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडवली आहे त्यांना सांगायला नको. टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत ती भरते, वाळते आणि विटेसारखी घट्ट होते. चाक फिरायचंच थांबतं. जुन्या सायकलीत ही फट बोटभरही नाही. शाळेच्या अकरा किलोमीटरमधला शेवटचा दीड किलोमीटर पांदण रस्ता आहे, तिथे जुलैत तीन वेळा सायकल खांद्यावर घ्यावी लागली. खांद्यावर मात्र ती हलकी आहे. सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर अर्धं शिल्लक आहे. मँगनीज-मॉलिब्डेनमचं हे पोलाद १९३५ पासूनचं, आणि कित्येक दशकं चांगल्या रेसिंग फ्रेमा त्याच्याच बनत होत्या.

फ्रेम तपासताना आधी रंग बघितला. हेडच्या, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या मागे, जिथे वरची आणि खालची नळी येऊन मिळते, तिथे खालून बोट फिरवायचं. रंगाला सुरकुती किंवा फुगा लागला तर सायकल कधीतरी समोरून धडकली आहे असं समजायचं. माझ्या सायकलीला सुरकुती नव्हती. मग सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं न हलवता ठेवला की दोन धातू एकमेकांना असे धरतात की करवतीशिवाय सुटत नाहीत. मी दर वर्षी काढून ग्रीस लावतो, म्हणून तो सहज निघाला. सायकल उलटी टांगल्यावर मात्र बीबीच्या, म्हणजे पायडलच्या आसाच्या खोक्यातून वाटीभर गढूळ पाणी आलं. आत हलका गंज होता, पण तो वरवरचा निघाला. छर्रे नवे टाकले. चेन पट्टीनं मोजली: चोवीस अर्ध्या कड्या म्हणजे बरोबर बारा इंच भरायला हवेत. माझ्या चेनचे बारा इंच आणि वर एक अष्टमांश भरले. म्हणजे चेन तर गेलीच, सोबत फ्रीव्हीलचे दातेही गेले.

इथपर्यंत हिशेब सरळ होता. खरी अडचण टायरची.

चाकं २७ × १¼ ची आहेत, म्हणजे टायर बसतो त्या जागी रिमचा व्यास ६३० मिलिमीटर. परतवाड्यात या मापाचा टायर मिळत नाही. आमच्या मिस्त्रीनं मोठ्या आशेनं २८ × १½ चा, म्हणजे आपल्या साध्या काळ्या सायकलीचा टायर लावून पाहिला. तो ६३५ चा. फक्त पाच मिलिमीटरचा फरक, पण टायर रिमवर ढिला बसला आणि हवा भरताना एका बाजूनं वर आला. मिस्त्री वेळीच थांबला म्हणून बरं झालं. ज्यांच्याकडे जुनी २७ ची आहे त्यांना कळकळीनं सांगतो, टायरच्या बाजूवर लिहिलेला इंचाचा आकडा सोडा, ६३० का ६२२ का ६३५ तेवढं बघा.

उपाय आहे. ७०० सी म्हणजे ६२२ ची रिम टाकायची. त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढं ब्रेकचं रबर खाली सरकायला हवं. माझ्या ब्रेकच्या खाचेत सहा मिलिमीटर जागा निघाली. आणि वर फायदा असा की टायरभोवतीची फट वाढते. अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचा टायर बसून वर चिखलाला जागा राहते. हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, जुनेच ठेवले, छत्तीस भोकांची रिम आणली, आरे आखूड घेतले. मिस्त्रीनं दोन दुपारी बसून चाकं विणली आणि आऊट काढला. मागचं चाक इतकं सरळ फिरतं की बघत बसावंसं वाटतं. फ्रेमचा मागचा चिमटा, ज्यात हब बसतो, १२६ मिलिमीटरचा आहे. रुंद हब घ्यायचा तर स्टील असल्यानं तो १३० पर्यंत उघडता येतो, ॲल्युमिनियमवर हा प्रयोग कधीच करू नये. पण जुना हब राहिल्यामुळे त्याची गरजच पडली नाही.

एवढं झाल्यावर चिखलदऱ्याला नेली. धामणगाव गढीपर्यंत संत्र्याच्या बागांमधून रस्ता सपाट आहे, पुढे घाट. चिखलदरा १११८ मीटर उंचीवर आहे. जुनीला पुढे ५२ आणि ४२ दाते, मागे जास्तीत जास्त २८. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. नव्या सायकलीवर ३४ आणि ३२ आहे, तिथे हे सव्वादोन मीटर होतं. घाटातल्या सलोन्याच्या अलीकडे उतरलो. गुडघ्यापेक्षा मान आणि मनगटं जास्त दुखत होती, आणि त्यानंच मला विचारात पाडलं. चढात मान का दुखावी?

घरी येऊन भिंतीला पाठ लावली, पायांमध्ये पुस्तक धरलं आणि मुलीला टेप धरायला सांगितलं. आतल्या पायाची उंची ७८ सेंटिमीटर. त्याला ०.६७ नं गुणलं की फ्रेमचा आकार येतो, साधारण ५२. मामाची सायकल ५६ ची. मामा सहा फुटाला टेकलेला माणूस. मी सिग्नलला थांबताना सायकल तिरपी करतो, ती सवय समजत होतो. २०१९ मध्ये अकरा सेंटिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा दांडा, काढून सहाचा लावला होता, कारण हात पोचत नव्हते. तेव्हापासून हँडल उतारावर थरथरायचं आणि मी हेडचे छर्रे बदलत राहिलो. चाक, गिअर, ब्रेक, सगळं बदलता येतं. नळ्यांची लांबी बदलता येत नाही. मी सहा वर्षं दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून फिरत होतो.

त्या रात्री मामाला फोन केला. तो हसला नाही, ही त्याची मला फार मोठी गोष्ट वाटली. म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं. पन तू इतक्या आवडीनं नेली, म्या काय बोलू? इकून टाक. पन चालवनाऱ्याले दे."

अमरावतीचा एक जण पंधरा हजार द्यायला तयार होता. त्याला ती हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती, चेन काढून, सोनेरी रंग मारून. पैशांची गरज नाही असं नाही, संत्र्याचा मृग बहार यंदा अर्धाच धरला आहे. तरी दोन दिवस विचार करून नाही म्हटलं. विणलेलं चाक फिरतंच राहायला हवं, मला दुसरं काही सुचलं नाही.

मिस्त्रीचा पुतण्या पथ्रोटहून रोज अचलपूरला कॉलेजात जातो आणि पहाटे पोलीस भरतीसाठी धावतो. ताडासारखा उंच आहे. तो चाकं विणताना शेजारी बसून होता. परवा धीर करून म्हणाला, "सर, मले देता का? सोयाबीन इकलं का तीन देतो, बाकीचे तीन तुरीवर."

मिस्त्री त्याच्यावर ओरडला, "सरांले उधारी सांगतं?" मी म्हटलं, राहू दे, आधी बसून तर बघू दे.

पेटीतून मामाचा मूळ अकराचा स्टेम काढला. फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता, अजून चमकतो. सीट चार बोटं वर घेतली. पोरगा सपन नदीच्या पुलापर्यंत जाऊन आला. पाठ सरळ, कोपरं सैल, हँडल जरासुद्धा हललं नाही. इतक्या वर्षांत ती सायकल मी पहिल्यांदा बाहेरून नीट चालताना पाहिली.

सहा हजारांत ठरलं. नवी चेन आणि फ्रीव्हील माझ्याकडून. स्टेम लांब झाल्यामुळे पुढच्या ब्रेकची केबल आखूड पडतेय, ती उद्या बदलून मगच सायकल त्याच्या हातात देणार.