दाताच्या रंगाचं सिमेंट टिकतं का?

खुर्चीत आडवं झाल्यावर, तोंडात कापूस जायच्या आधी, हा प्रश्न हमखास येतो. 'डॉक्टर, चांदीच भरा ना. ते पांढरं सिमेंट पडतं म्हणे.' तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पडतं. माझ्या हातचंही पडलंय.

चांदी खाचेत ठासून अडकवता येते. (तिच्यात निम्मा पारा, म्हणून ती हळूहळू मागे पडतेय.) कंपोझिटचं, म्हणजे ज्याला तुम्ही पांढरं सिमेंट म्हणता त्याचं, तसं नाही. ते म्हणजे रेझिनमध्ये (एक प्रकारच्या प्लास्टिकमध्ये) कालवलेली काचेची बारीक पूड, दाताला आपणहून न चिकटणारी. म्हणून आधी फॉस्फोरिक आम्लाचं जेल लावायचं, 15 ते 30 सेकंद. धुऊन वाळवलं की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, खडूसारखं पांढरंफटक दिसतं. ही युक्ती 1955 सालची, अमेरिकन दंतवैद्य ब्युओनोकोर यांची. त्या खरखरीत भागात बाँडिंग, म्हणजे चिकटवणारा पातळ द्रव, शिरतं, मग कंपोझिटचे दोन-दोन मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थर कडक करायला निळा दिवा. घाईनं एकदम भरलं तर तळाशी कच्चं राहतं.

पण खडूसारखं दिसलं आणि तेवढ्यात पेशंटची लाळ तिथं पोचली, की सगळं पहिल्यापासून. माझं पडलं ते असंच. खालची शेवटची दाढ, लाळ आवरेना, म्हटलं पुसलं की झालं. चार महिन्यांनी बाई तो खडा कागदाच्या पुडीत घेऊन हजर! आता अशा दाढेला रबर डॅम (लाळ अडवणारा रबराचा पातळ पडदा) बसला तरच कंपोझिट.

नाहीतर ग्लास आयोनोमर. पांढरंच, पण हे खरं सिमेंट: काचेची भुकटी आणि आम्ल. दातातल्या कॅल्शियमला स्वतःच धरतं, थोडं फ्लोराइडही सोडत राहतं. चावण्याच्या जोराला मात्र कच्चं. दुधाच्या दातांना आणि हिरडीलगतच्या खाचांना मी हेच वापरते. कालवल्यावर चकाकी आहे तोवर भरायचं; चकाकी गेली की तो गोळा टाकून द्यायचा, मग कितीही दाबा, धरत नाही.

परवा मशेरी लावणाऱ्या एका आजींच्या पाच दातांच्या मुळाशी अशा खाचा होत्या. भरल्या. रंग अगदी हुबेहूब जुळला नाही, तसं मी सांगितलंही. आजींनी आरशात निरखून पाहिलं. म्हणाल्या, "राहू दे गं, मशेरीनं होईल सारखं."