घाटाच्या पायथ्याशी किती कांड्या? हायरायडर हायब्रिड, ११,००० किमीची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत मी मायलेजच्याच मागे होतो. गेल्या तीन महिन्यांत लक्ष दुसरीकडे वळलं. टोयोटाची ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, चढावर कशी चालते, आणि त्यातलं किती माझ्या पायात आहे, एवढंच बघत होतो. कांड्या म्हणजे डॅशबोर्डवर बॅटरी किती भरली आहे ते दाखवणाऱ्या रेघा.

आधी रोजचा रस्ता पटकन उरकतो. पोखरण रोड, माजिवडा, कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोडने महापे. इथे शिकायचं होतं ते एकच आणि ते आता अंगवळणी पडलंय: ब्रेक लवकर लावायचा आणि हलका लावायचा. पुढे लाल दिवे दिसले की पाय उचलायचा, मग पेडलवर जेमतेम भार. सुई ‘चार्ज’च्या पट्ट्यात राहते, म्हणजे गाडीच्या वेगातून मोटर वीज बनवून बॅटरी भरते. पट्टा संपेपर्यंत दाबलं की ब्रेकच्या डिस्क कामाला लागतात आणि वेगाची नुसती उष्णता होते. ताशी ६० किमीवर चौदाशे किलोच्या गाडीत साधारण ५४ वॉट-तास ऊर्जा असते. ती सगळी परत मिळत नाही, पण दिघा ते महापे सिग्नल मोजा म्हणजे अंदाज येईल. टाकी ते टाकी मायलेज २० वरून २३ वर आलंय. पावसाळ्यात एक लक्षात ठेवा. डिस्क कमी वापरल्या जातात म्हणून त्यांवर गंज लवकर धरतो. सकाळी सोसायटीतून निघताना दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक दाबून घेतो, खरखर जाते.

आता घाट.

एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन लोणावळ्याला निघालो. चौघं जण, मागे सामान, एसी पूर्ण. कळंबोलीपासून मी मजेत होतो, ट्रक दिसला की ओव्हरटेक. खोपोलीच्या खाली पोचलो तेव्हा बॅटरीच्या आठपैकी दोनच कांड्या होत्या, आणि मी तिकडे बघितलंही नव्हतं. अर्धा चढ होईपर्यंत त्याही गेल्या. इंजिनाचा आवाज वर चढला आणि तिथेच थांबला. गाडी चालत होती, पण पुढच्या कंटेनरला मागे टाकायला जोर उरला नव्हता. बाबांनी आयुष्यभर डिझेल गाडी चालवली आहे. ते म्हणाले, “अरे, खालचा गिअर टाक ना, इंजिन एका सुरात ओरडतंय.” मी म्हटलं, “बाबा, हिच्यात टाकायला गिअरच नाही.” त्यांना ते पटलं नाही, आणि मला नीट समजावूनही सांगता आलं नाही. ते मनाला लागलं. घरी आल्यावर बसलो आणि मुळापासून वाचून काढलं.

ज्यांनी नुकतीच घेतलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन आणि मोटरचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या हिच्या यंत्रणेला ई-सीव्हीटी म्हणतात. या नावामुळे बेल्टवाला सीव्हीटी, म्हणजे बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डोळ्यांसमोर येतो. इथे बेल्ट नाही, क्लचही नाही. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची पहिली हायब्रिड प्रियस आली, तिच्यातलीच ही कल्पना. आत दातेरी चाकांचा एक संच असतो. मधल्या दातेरी चाकाला जनरेटर, त्याभोवती फिरणाऱ्या चाकांच्या चौकटीला इंजिन, बाहेरच्या कड्याला मोटर आणि गाडीची चाकं. जनरेटर किती वेगाने फिरतो त्यावर इंजिनाचा वेग ठरतो. म्हणून इंजिन त्याला परवडेल त्या वेगावर जाऊन बसतं आणि गाडीचा वेग वेगळा वाढत राहतो. बाबांना खुपलेला सूर हाच.

आणि इंजिन १४९० सीसीचं, तीन सिलिंडरचं, अ‍ॅटकिन्सन सायकलचं. त्यात आत घेण्याची झडप उशिरा बंद होते, त्यामुळे पेट्रोल वाचतं पण कमी वेगावरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी पडतो. इंजिनाचा टॉर्क १२२ एनएम (न्यूटन-मीटर), मोटरचा १४१. खालची उणीव मोटर भरून काढते. दोघांची मिळून ताकद ११६ पीएस (अश्वशक्ती), एकट्या इंजिनाची ९२. घाटात कांड्या संपल्या की हा फरक थेट पायाला जाणवतो.

मग विजेच्या बिलाच्या भाषेत हिशेब मांडला. बॅटरी ०.७६ किलोवॉट-तास, म्हणजे पाऊण युनिट, आणि त्यातलंही सगळं वापरू दिलं जात नाही. चौघं आणि सामान धरून गाडी सोळाशे किलो. खोपोलीपासून वर खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटर चढायचं, म्हणजे नुसतं वजन उचलायला दोन युनिटांहून जास्त लागणार. बॅटरीवर घाट निघणं शक्यच नाही. मग असलेलं पाऊण युनिट कुठे खर्च करायचं, एवढाच प्रश्न उरतो. वहीत हा आकडा लिहिला तेव्हा मला खरंच उजाडल्यासारखं झालं.

जूनमध्ये पुन्हा तेच चौघं, तेवढंच सामान. या वेळी सपाटीवर ताशी ८० धरून एकसारखी नेली, उगाच ओव्हरटेक नाहीत. खालापूर टोलनाक्याला लांबूनच हलका ब्रेक. घाट लागला तेव्हा सहा कांड्या. नॉर्मल मोड, पाय स्थिर, मोटरचा जोर फक्त ट्रक ओलांडताना आणि चढ एकदम उभा होतो तिथे. २०२० पर्यंत जिथे अमृतांजन पूल होता तिथे पोचलो तेव्हाही दोन शिल्लक होत्या. इंजिनाचा आवाज होताच, पण तो किंचाळण्यापर्यंत गेला नाही. आई मागे झोपली होती, ती जागी झाली नाही. माझ्यासाठी त्या दिवसाचं सगळ्यात मोठं मोजमाप तेच.

मायलेज यात वाढत नाही. साठवलेली वीजही शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. मिळतो तो हक्काचा जोर, हवा तेव्हा.

उतरताना गंमत उलटी. अर्धा घाट उतरेपर्यंत आठही कांड्या भरतात आणि पुढची वीज ठेवायला जागा नसते. तेव्हा इंजिन पेट्रोल न घेता नुसतं फिरू लागतं, आवाज वाढतो आणि माणूस दचकतो. बिघाड नाही, गाडी इंजिन ब्रेकिंग करते आहे. लांब उतारावर मी आता सुरुवातीपासूनच लिव्हर ‘बी’वर, म्हणजे इंजिन ब्रेकिंगच्या खुणेवर, टाकतो, डिस्क गार राहतात. शहरात मात्र ‘बी’ला हात लावत नाही. चार्जिंगमध्ये जाऊ शकणारा वेग तिथे इंजिन फिरवण्यातच जातो.

घोडबंदरच्या गायमुख चढावर हेच छोट्या मापात करून बघता येतं. कासारवडवली सोडताना निम्म्या कांड्या असल्या तरी भागतं, चढ तेवढा लांब नाही. अडचण तिथल्या कोंडीची. एसी चालू ठेवून वीस मिनिटं उभं राहिलं की कॉम्प्रेसर बॅटरीच खातो, मग इंजिन जागच्या जागी चालू होतं. अशा वेळी मी एसी दोन अंशांनी वर नेतो.

पुढची फेरी मुरबाडमार्गे माळशेज, पाऊस थोडा ओसरल्यावर. ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांनी पुढच्या वेळी खोपोलीला किती कांड्या होत्या आणि खंडाळ्याला किती उरल्या, तेवढं टिपून ठेवा. सोबत गाडीत किती माणसं होती तेही.