पगारातून कापलं जातं ते सगळं टॅक्स नसतं

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये पगाराचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "तीस टक्के तर सरकारच घेऊन जातं." त्याची पगाराची स्लिप मागून घेतली तर बहुतेक वेळा हा आकडा निम्म्याहूनही खाली येतो. तो खोटं बोलत नसतो. त्याने स्लॅबचा दर (उत्पन्नाच्या त्या टप्प्याला लागणारा दर), पीएफ आणि ऑफर लेटरवरचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) यांची एकत्र खिचडी केलेली असते.

एक सरळ उदाहरण घेऊ. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नियमांचे, इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीचे (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत).

ऑफर लेटरवर सीटीसी १९,५१,२९० रुपये. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,०८,००० (बेसिक ९ लाख, त्याचे १२ टक्के) आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळायच्या रकमेची तरतूद, ४३,२९० (बेसिकचे ४.८१ टक्के). म्हणजे ग्रॉस पगार १८ लाख, महिन्याला दीड लाख. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ९,००० जातो, राज्याचा प्रोफेशनल टॅक्स २०० आणि टीडीएस (कंपनीने आधीच कापलेला इन्कम टॅक्स) साधारण १२,५६७. हातात येतात १,२८,२३३.

सीटीसीला बाराने भागलं तर महिन्याचे १,६२,६०७ होतात. हातात आलेले वजा केले की ३४,३७४ रुपये "गेले", म्हणजे २१ टक्के. इथेच गफलत होते. त्यातले १८,००० दोन्ही बाजूंचा पीएफ आहे, तो तुमच्याच नावावर जमा होतो. ३,६०० च्या आसपास ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. खरा टॅक्स फक्त १२,७६७.

हा टीडीएस कसा निघाला ते एकदा हाताने करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. १८ लाखांतून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन गेलं, उरले १७,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर शून्य. ४ ते ८ वर ५ टक्के, २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के, ४०,०००. १२ ते १६ वर १५ टक्के, ६०,०००. उरलेल्या सव्वा लाखावर २० टक्के, २५,०००. बेरीज १,४५,०००, त्यावर ४ टक्के सेस (उपकर) ५,८००, एकूण १,५०,८००. ग्रॉसच्या ८.३८ टक्के. माणूस "वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये" आहे हे खरं, पण तो वीस टक्के दर त्याच्या फक्त शेवटच्या सव्वा लाखाला लागतो.

तो दर निरुपयोगी नाही. पुढचा रुपया कमावला तर किती जाईल, हे तोच सांगतो. या माणसाला १ लाख बोनस मिळाला तर सेस धरून २०,८०० जातील, आणि पेरोलवाले बहुधा ते त्याच महिन्यात कापतील. म्हणून बोनसवर वेगळा जास्त टॅक्स लागतो असं वाटतं. तसा कुठलाही नियम नाही. एफडीचंही तसंच. व्याजातून बँक १० टक्के कापते, तुमचा शेवटचा दर सेससह २०.८ टक्के, वरचे १०.८ टक्के रिटर्न भरताना निघतात आणि मग धक्का बसतो.

"पगार वाढला, स्लॅब बदलला, हातात कमी आले" ही तक्रार जवळजवळ नेहमी चुकीची असते. जवळजवळ म्हणायचं कारण म्हणजे १२ लाखांचा उंबरठा. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे (टॅक्समध्ये मिळणाऱ्या सुटीमुळे) टॅक्स शून्य, म्हणजे पगारदाराला १२,७५,००० पर्यंत शून्य. आता पगार १२,८५,००० झाला. स्लॅबप्रमाणे टॅक्स ६१,५०० झाला असता, पण मार्जिनल रिलीफमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेइतकाच, १०,००० वर थांबतो. सेस मात्र त्याच्या वर लागतो. पगार १०,००० ने वाढला आणि टॅक्स भरला १०,४००. करपात्र उत्पन्न १२,७०,५८८ होईपर्यंत हेच चालतं. १३,४०,००० पगार असलेला माणूस ६७,६०० टॅक्स भरतो. १२,७५,००० वाल्यापेक्षा ६५,००० जास्त कमावून २,६०० कमी हातात घेतो.

तुमचा पगार या पट्ट्यात पडत असेल तर अप्रेझलच्या वेळी एचआरला एकच गोष्ट विचारा: सीटीसीतला काही भाग कंपनीच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) वर्गणीत टाकता येईल का? बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची ही वर्गणी नव्या पद्धतीतही वजा होते. वरच्या उदाहरणात ६५,००० तिकडे वळवले की टॅक्स शून्यावर येतो. पैसे लांब मुदतीसाठी अडकतात, हे मात्र मान्य असायला हवं. आणि शेअर्स विकून नफा झाला असेल तर रिबेटवर विसंबू नका. करपात्र पगार १० लाख आणि लिस्टेड शेअर्सचा शॉर्ट टर्म नफा ५०,००० असेल, तर पगारावर शून्य, पण नफ्यावर २० टक्क्यांनी सेससह १०,४०० भरावेच लागतात.

मुंबईत भाडं एवढं, तर टॅक्सची जुनी पद्धत (दर जास्त, पण वजावटी मिळतात) परवडेल असं अनेकांना वाटतं. तोच १८ लाखांचा माणूस, त्यात एचआरए (घरभाडे भत्ता) साडेचार लाख, कांदिवलीत ४०,००० भाडं. एचआरएची सूट तीन आकड्यांतली सर्वांत लहान: मिळालेला एचआरए ४.५ लाख, बेसिकचा निम्मा ४.५ लाख, किंवा वर्षाच्या भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून ३.९ लाख. म्हणजे ३.९ लाख. त्यात ८०सी चे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख, मेडिक्लेम २५,०००, स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २,५०० घाला. करपात्र ११,८२,५००, टॅक्स सेससह १,७३,९४०. एवढा खटाटोप करून नव्या पद्धतीपेक्षा २३,१४० जास्त. या पगाराला एकूण वजावट ६,९१,००० च्या वर गेली तरच जुनी पद्धत फायद्याची.

प्रोफेशनल टॅक्सची रक्कम क्षुल्लक, म्हणून कोणी बघत नाही. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. महिना १२,००० कमावणाऱ्या पुरुषालाही तेवढाच आणि दीड लाखवाल्यालाही तेवढाच. पहिल्याला तो १.७ टक्के पडतो, दुसऱ्याला ०.१४. बायकांना महिना २५,००० पर्यंत माफ आहे.

सगळ्यांत महागात पडते ती वर्षाच्या मध्ये बदललेली नोकरी. सप्टेंबरपर्यंत पहिल्या कंपनीत ९ लाख मिळाले, तिने वर्षाचे १८ लाख धरून ७५,४०० कापले. ऑक्टोबरपासून दुसरीकडे तेवढाच पगार. दुसऱ्या कंपनीला मागच्या पगाराची माहिती दिली नाही, तर तिच्या हिशेबात तुमचं वर्षाचं उत्पन्न फक्त ९ लाख; स्टँडर्ड डिडक्शन पुन्हा, रिबेट पुन्हा, टीडीएस शून्य. सहा महिने पगार जास्त हातात येतो आणि कोणालाच शंका येत नाही. जुलैमध्ये रिटर्न भरताना ७५,४०० थकलेले निघतात. एप्रिलपासून महिना १ टक्का व्याज, चार महिन्यांचे सुमारे ३,०००, शिवाय अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते चुकल्याचं व्याज वेगळं. रुजू होतानाच मागच्या पगाराची माहिती फॉर्मवर (२०२५-२६ मध्ये फॉर्म १२बी) भरून दिली की हे टळतं. एचआर स्वतःहून मागेलच असं नाही.

आता खर्चातला टॅक्स. इथे लोक एक साधी चूक करतात: बिलाच्या रकमेवर १८ टक्के लावतात. टॅक्स किमतीच्या आत असेल तर १८ ने गुणून ११८ ने भागायचं. ७९९ च्या मोबाइल रिचार्जमध्ये १२२ रुपये जीएसटी, म्हणजे १५.२५ टक्के. आपल्या माणसाचा महिना असा धरू: घरभाडं, भाजी, दूध यांवर जीएसटी नाही. १८ टक्केवाल्या वस्तू-सेवांवर १५,००० खर्च, त्यात २,२८८. ५ टक्केवाल्यांवर २०,०००, त्यात ९५२. साबण, टूथपेस्ट, शाम्पू २२ सप्टेंबर २०२५ पासून याच गटात आले. पेट्रोल जीएसटीत नाही. केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट मिळून २०२५ च्या मुंबईतल्या भावात लिटरमागे ४० रुपयांच्या वर जायचे, तेव्हा ४,००० च्या पेट्रोलमध्ये दीड हजार सहज. ३,००० च्या वीजबिलात १६ टक्के विद्युत शुल्क, सुमारे ४००. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर असेल तर तिथेही १८ टक्के, पण भाडेकरूला ते सहसा दिसत नाही.

बेरीज महिना ५,२०० च्या आसपास, वर्षाला ६२-६३ हजार. ग्रॉसच्या साडेतीन टक्के. इन्कम टॅक्स आणि प्रोफेशनल टॅक्स मिळून साडेआठ. एकूण बारा टक्के.

घर घेतलं त्या वर्षी मात्र हे गणित पार उलटतं. मुंबईत १ कोटी २० लाखांच्या फ्लॅटवर ६ टक्के स्टॅम्प ड्युटी ७,२०,००० आणि रजिस्ट्रेशन ३०,०००, एकूण साडेसात लाख. आपल्या माणसाचा पाच वर्षांचा इन्कम टॅक्स. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी आणखी ६ लाख. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या फ्लॅटवर तो लागत नाही. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी १ टक्क्याने उतरते, १,२०,००० वाचतात. खरेदीखतात नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते.