कपड्यांखालचे पांढरट चट्टे

निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, पस्तिशीतले. कंबर, ढुंगण आणि मांड्यांवर कित्येक वर्षांचे फिकट, किंचित खवले सुटणारे चट्टे. फवारणीची ॲलर्जी समजून स्टिरॉइडची मलमं चालू होती. लावली की बरं, सोडली की परत. पण फवारा बसतो तो हात, मान आणि चेहऱ्यावर, आणि तिथली त्वचा स्वच्छ होती. मला खटकलं ते हेच.

आपल्याकडे आधी कुष्ठरोग तपासावा लागतो. त्यांना डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक टेकवलं, मग टाचणी. संवेदना शाबूत, नसाही जाड नाहीत, म्हणजे कुष्ठरोगाची खूण नाही. आता मायकोसिस फंगॉइड्सचा विचार करणं भाग होतं. त्वचेतल्या टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, हा सावकाश चालणारा कॅन्सर (लिम्फोमा) सावळ्या त्वचेवर अनेकदा लाल न दिसता पांढरट दिसतो.

"दादा, मलम आजपासून बंद. तीन आठवड्यांनी तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढू."

"आणि खाज सुटली तर, डॉक्टर?"

खोबरेल तेल आणि रात्री सेटिरिझिन दिली. स्टिरॉइड चालू असताना बायोप्सी केली, तर वरच्या थरातल्या लिम्फोसाइट (याच पांढऱ्या पेशी) विरळ होतात आणि रिपोर्ट साध्या इसबाचा येतो. तुकडे तीन काढले, वेगवेगळ्या चट्ट्यांतून, ५ मिमीच्या पंचने, म्हणजे गोल पात्याच्या उपकरणाने. फॉर्मवर शंका स्पष्ट लिहिली, कारण पॅथॉलॉजिस्टला ती ठाऊक नसेल तर सुरुवातीच्या खुणा सहज निसटतात. एका तुकड्यात खरोखरच काही ठोस नव्हतं. उरलेल्या दोन तुकड्यांत एपिडर्मिसच्या, म्हणजे वरच्या थराच्या, तळाशी लिम्फोसाइटची रांग, सूज जवळपास नाही. टी-पेशींवरच्या ओळखखुणा तपासल्या: सीडी३ आणि सीडी८ पॉझिटिव्ह, एरवी असणारं सीडी७ हरवलेलं. फिकट प्रकारात सीडी८ वरचेवर दिसतं.

बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का, या मापाने व्याप्ती १० टक्क्यांच्या आत. काखा-जांघांत गाठी नाहीत, रक्त ठीक. म्हणजे टप्पा १ए, सगळ्यात सुरुवातीचा. कॅन्सर म्हटल्यावर घरचे हादरले. पण या टप्प्यात आयुर्मान बहुतेकांचं इतरांइतकंच असतं आणि केमोथेरपी लागत नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

उपचार म्हणजे ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील प्रकाशाचा अरुंद पट्टा अंगावर घेणं, आठवड्यातून तीनदा. डोळ्यांना गॉगल, जननेंद्रिय झाकलेलं. मात्र अख्खी चड्डी घालून उभं राहिलं तर ढुंगणावरचे चट्टे तसेच राहतात. ऑक्टोबर छाटणीत त्यांच्या फेऱ्या चुकल्या. अशा खंडानंतर जुनाच डोस दिला तर त्वचा भाजते, म्हणून तो कमी करून पुन्हा चढवला. रंग भरून आल्यावरही प्रकाश एकदम थांबवत नाही, फेऱ्या हळूहळू कमी करतो. दर तपासणीला काखा आणि जांघा चाचपतो, आणि चट्टा जाड झाला किंवा त्वचेवर गाठ उठली तर पुन्हा तुकडा काढतो.