नेबिओलो ओळखण्याचा सराव, नोंद ३: रंग शेवटी बघा

नेबिओलो हे इटलीच्या पिमाँते भागातलं रेड वाइनचं द्राक्ष. त्याच भागातल्या बार्बेरा आणि दोल्चेत्तो या द्राक्षांच्या वाइन आता सहज बाजूला काढता येतात. दोन्हींचा रंग गडद जांभळट. बार्बेरात आंबटपणा भरपूर पण तुरटपणा नावाला, दोल्चेत्तोत आंबटपणाच कमी. गाडी अडते ती पिनो न्वार आणि सांजोवेझे या दुसऱ्या दोन द्राक्षांपाशी.

घोळ रंगामुळे होतो. ग्लासात फिकट लाल दिसलं की मन पिनो न्वारकडे धावतं. नेबिओलोत रंगद्रव्यं बेताचीच, त्यातली बरीचशी हवेने लवकर उतरणारी. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या बारोलोच्या (नेबिओलोचीच वाइन) कडेलाही विटकरी झाक येते. त्यावरून वाइन जुनी ठरवू नये.

म्हणून क्रम उलटा: आधी घोट, मग वास, रंग शेवटी. काळे ग्लास असतील तर उत्तम, नाहीतर डोळे मिटून. प्रत्येकी ५० मिली, एका बैठकीत चारच नमुने. घोट १० सेकंद तोंडात घोळवून थुंकायचा आणि ओठाची आतली बाजू वरच्या हिरडीवर घासायची. नेबिओलोत ती अडखळते, कच्चं केळं खाल्ल्यासारखी, आणि त्याच वेळी तोंडाला पाणीही सुटत असतं. पिनो न्वारमध्ये आंबटपणा मिळेल, ही पकड नाही.

सांजोवेझेत मात्र पकड असते, तिथे नाकावर भिस्त. तिला टोमॅटोच्या पानांचा, सुक्या औषधी पाल्याचा वास. नेबिओलोला वाळलेल्या गुलाबपाकळ्या, आंबट चेरी, ज्येष्ठमध आणि डांबर. डांबर म्हणजे नव्या रस्त्याचं. डांबरगोळीचा वास शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात ३० अंशांच्या खोलीत ही वाइन उघडली, तर १४ टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल नाकात भरतं आणि गुलाब हरवतो. १६ ते १८ अंश बरोबर. पण थेट फ्रिजमधली थंडगार ओतली तर तुरटपणा जास्त टोचतो आणि सांजोवेझेही नेबिओलो वाटू लागते. तुरटपणा तोंडात साठतही जातो. दोन नमुन्यांमध्ये पाणी, साध्या पावाचा तुकडा आणि दोन मिनिटं हवीतच. क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा.

बारोलो आणि बार्बारेस्को, दोन्ही नेबिओलोच्याच वाइन, वेगळ्या ओळखायचा हट्ट इतक्यात नको. नियमाने एकीला किमान ३८ महिने मुरवावं लागतं, दुसरीला २६. तरी ग्लासात हा फरक भरवशाने सापडत नाही. पुढच्या फेरीला उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिनाची कियावेन्नास्का आणि गात्तिनाराची स्पान्ना घ्यावी. द्राक्ष हेच, पण डोंगराकडच्या गार हवेतलं, अंगाने सडपातळ. सोबत एक लांगे नेबिओलो, म्हणजे बारोलोच्याच टेकड्यांतली, तुलनेसाठी.