दोन शहरं, दोन अँटेना, एक टीव्ही

न्यू जर्सीत प्लेन्सबरोला राहणाऱ्याची टीव्हीच्या बाबतीत चैन आहे. ईशान्येला न्यूयॉर्कचे मनोरे, नैऋत्येला फिलाडेल्फियाचे रॉक्सबरोमधले, आणि दोन्ही साधारण चाळीस मैलांवर. केबल बंद केल्यापासून छतावरचा न्यूयॉर्ककडे रोखलेला अँटेना निमूट काम करत होता. प्रश्न रविवारचा. अमेरिकन फुटबॉलचे सामने त्या-त्या शहराप्रमाणे वेगळे दाखवतात, आणि आमच्याकडे मुलगा फिलाडेल्फियाच्या ईगल्सचा, मी न्यूयॉर्कच्या जायंट्सचा.

म्हणून दुसरा अँटेना फिलाडेल्फियाकडे. सोसायटीने पत्र पाठवून नाक मुरडलं, पण स्वतःच्या मालकीच्या छतावर टीव्हीचा अँटेना लावायला आडकाठी करता येत नाही, असा एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रसारण नियामकाचा, १९९६ पासूनचा नियम आहे. त्याची प्रत पाठवली, विषय मिटला. खांब आणि केबल दोन्ही जाड तांब्याच्या तारेने अर्थिंगला जोडून घेतले. याचा कंटाळा करू नये.

आता जोडणी. एका केबलचा सिग्नल दोन केबलमध्ये वाटणारा साधा स्प्लिटर उलटा लावला की तोच दोन सिग्नल एकत्र करतो. चॅनेल पुन्हा स्कॅन केली. फिलाडेल्फियाची आली, आणि न्यूयॉर्कची काही गेली. डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत. चित्र एक तर असतं नाहीतर नसतं.

एक कारण सरळ आहे. उलट्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक अँटेनाचा जवळजवळ अर्धा सिग्नल, म्हणजे तीन-साडेतीन डेसिबल, वाया जातो. काठावरची चॅनेल तेवढ्यानेच पडतात. दुसरं कारण जास्त खोडसाळ. आमच्याकडे दोन्ही शहरं जवळपास विरुद्ध दिशांना, त्यामुळे फिलाडेल्फियाकडे बघणाऱ्या अँटेनाची पाठ नेमकी न्यूयॉर्ककडे. अँटेना पाठीमागूनही थोडं ऐकतोच. मग न्यूयॉर्कचं एकच चॅनेल दोन वाटांनी, किंचित मागेपुढे होऊन टीव्हीत पोचतं आणि दोन प्रती एकमेकींना खोडतात. दोन्ही केबल समान लांबीच्या ठेवा, असा सल्ला सगळे देतात. तो दोन सारखे अँटेना एकाच दिशेला लावले असतील तेव्हाचा. तिथे खरंच फायदा होतो, पण कागदावर फार तर तीन डेसिबल. दिशा वेगळ्या असतील तर केबल मोजून काही साधत नाही.

मागे जाळीचा परावर्तक असलेला अँटेना बसवला, तेव्हा थोडा फरक पडला, पुरेसा नाही. अॅम्प्लिफायरचा मोह टाळला, कारण खोडलेला सिग्नल मोठा केला तरी खोडलेलाच राहतो. यूएचएफ (टीव्हीच्या लहरींचा वरचा पट्टा) एका अँटेनाचं आणि व्हीएचएफ (खालचा पट्टा) दुसऱ्याचं घेणारा डायप्लेक्सर हा जोडणीचा खरा स्वच्छ मार्ग, कारण त्यात दोघांची गाठच पडत नाही. पण आम्हाला दोन्ही शहरांचे दोन्ही पट्टे हवे होते. न्यूयॉर्कचं एबीसी चॅनेल ७ वर, फिलाडेल्फियाचं ६ वर, म्हणजे दोन्ही व्हीएचएफ. बाकी बरीचशी यूएचएफ. अँटेना फिरवणारी मोटरही बाद, कारण सामने एकाच वेळी असतात.

शेवटी जोडणं हवेत न करता घरात केलं. प्रत्येक अँटेनाची केबल स्वतंत्र नेटवर्क ट्यूनरला (अँटेनाची चॅनेल घरच्या नेटवर्कवर पाठवणाऱ्या छोट्या पेटीला) दिली, दोन्ही ट्यूनर राउटरला, आणि टीव्हीवरचं अॅप दोन्हींची चॅनेल एकाच यादीत दाखवतं. दुसऱ्या ट्यूनरचा खर्च झाला, पण छतावर चढणं थांबलं. एवढा खर्च नको असेल त्याने दोन अँटेनांमध्ये बदल करणारा साधा ए-बी स्विच घ्यावा. फक्त दर वेळी उठावं लागेल.

फिलाडेल्फियाचं ६ नंबर मात्र अजून हट्टी आहे. ८२ ते ८८ मेगाहर्ट्झचा तो पट्टा इतका खालचा, की त्याला साडेपाच फुटांच्या आसपास लांब दांडी लागते, आणि दुकानातल्या छोट्या ‘एचडी’ अँटेनांना ती नसते. लांब दांडीचा अँटेना बसवल्यावर ते आलं, पण गराजमधला स्वस्त एलईडी दिवा लावला की अजूनही फुटतं. आता सामना सुरू असताना गराजमध्ये जायचं असेल तर मुलाची परवानगी लागते.