मोडेम कोणता घ्यायचा हे भिंतीतून येणारी वायर ठरवते

नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटसाठी मोडेम घ्यायला मी आधी एमजी रोडवरच्या दुकानात गेलो, ऑपरेटरला फोन नंतर केला. हा क्रम उलटा हवा होता. ‘कोणता पाहिजे?’ असं दुकानदार विचारतो, आणि त्याचं उत्तर घरात कोणती वायर येते त्यावर असतं.

जुनी तांब्याची टेलिफोन लाइन असेल तर एडीएसएल किंवा व्हीडीएसएल मोडेम लागतो. त्याची खूण म्हणजे लहान, आरजे-११ सॉकेट. एडीएसएल२+ कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत जातं, पण एक्सचेंज लांब असेल तर वेग बराच खाली येतो. नवं कनेक्शन घेताना या वाटेला जाऊ नये. केबलवाल्याने गच्चीवरच्या स्विचमधून थेट लॅन केबल सोडली असेल, तर मोडेम लागतच नाही, नुसता वॅन पोर्टवाला (बाहेरून येणारी नेटची केबल लावायचं भोक असलेला) राउटर पुरतो. गिरणारेच्या बाजूला मळ्यात घर असेल आणि फायबर पोचलं नसेल, तर सिमवर चालणारा ४जी-५जी राउटर घ्यावा. मात्र आधी त्याच कंपनीचं सिम मोबाइलमध्ये घालून खिडकीपाशी रेंज बघावी.

शहरात आता बहुतेक ठिकाणी फायबर येतं, आणि गोंधळ खरा तिथेच होतो. फायबरच्या डब्याला, म्हणजे फायबरच्या मोडेमला, ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्यात जीपॉन आणि ईपॉन अशा दोन जाती आहेत. जीपॉनचा डबा ईपॉनच्या लाइनवर चालत नाही. मी जीपॉनचा उचलणार होतो, आमची लाइन निघाली ईपॉन. एक्सपॉन लिहिलेला डबा दोन्हींवर चालतो. पण नुसता जोडून भागत नाही, ऑपरेटरला त्याच्या बाजूने तो नोंदवावा लागतो: जीपॉनला सीरियल नंबर, ईपॉनला बहुधा मॅक आयडी (डब्यावर छापलेला त्याचा नेटवर्क-क्रमांक). काही ऑपरेटरांची यंत्रणा ठरावीक मॉडेलच नीट ओळखते, म्हणून चालणाऱ्या मॉडेलांची नावं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागून घ्या. सोबत व्हीएलएएन आयडी (ऑपरेटरच्या नेटवर्कमधला तुमच्या लाइनचा गट-क्रमांक) आणि पीपीपीओईचं, म्हणजे नेटवर लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्डही मागा. व्हीएलएएन चुकला तर दिवे सगळे हिरवे दिसतात आणि नेट मात्र येत नाही.

कनेक्टरचा रंगही बघा. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळा म्हणजे यूपीसी. हिरवा निळ्यात घुसतो खरा, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि सिग्नल पडतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या खाली गेली की लाइन तुटत राहते. लाल ‘लॉस’ (सिग्नल येत नाही असं सांगणारा) दिवा लागला तर मोडेम बदलू नका, आधी कपाटामागे वायर मुडपली आहे का ते बघा. वळण साधारण बांगडीएवढं तरी मोठं हवं.

माझं मत विचाराल तर ओएनटी ऑपरेटरचाच घ्यावा, तो ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा (म्हणजे तो सिग्नल नुसता पुढे देतो, बाकी काम राउटर करतो) आणि पैसे चांगल्या राउटरवर घालावेत. ऑपरेटर बदलला तरी राउटर राहतो. राउटर घेताना खोक्यावर ‘१२००’ लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. तो आकडा दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ वायफायच्या) वेगांची बेरीज असते. पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत का ते बघा. १०० चे असतील तर ३०० चा प्लॅन घेऊनही वायरवर ९५ च्या आसपासच मिळतात. लॅन केबलच्या आठांपैकी चारच तारा जोडल्या असतील तरी हेच होतं, आणि दोष मोडेमला लागतो.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायला पलीकडे जाऊ देत नाहीत. तिथे महागडा राउटर घेण्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ लॅन केबल ओढून दुसरा साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) म्हणून लावणं परवडतं. दुसऱ्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) तेवढं बंद करायचं.

वीज गेल्यावर नेट चालू ठेवायला मिनी यूपीएस घेतलात तर डब्यामागचा व्होल्टेज आणि अँपिअर वाचून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ओएनयू आणि राउटर ९ किंवा ५ व्होल्टचेही निघतात, आणि पिन मात्र तीच बसते.